नानकटाईच्या तळाचा दाणा

काळेवाडी,
शुक्रवार, दुपार

प्रिय विहीणबाई,

सप्रेम जयभीम. उत्तरात तुम्ही नमस्कार लिहिलात तरी माझी हरकत नाही, पण माझ्या पत्राची सुरुवात माझ्याच पद्धतीने होणार.

मी सुमन. सुजितची आई, तुमच्या दिपालीची सासू. आपण एकमेकींना अजून पाहिलेलं नाही. लग्नात विहिणींची भेट होते, पंगतीत एकमेकींची थट्टा होते, ते आपल्या वाट्याला आलं नाही, कारण तुम्ही लग्नाला आला नाहीत. त्याबद्दल भांडायला मी पत्र लिहीत नाहीये. भांडायचं असतं तर फोन केला असता. फोनवर मी चांगली भांडते. पण तुमचा फोन तुमचे दीर उचलतात, आणि दिपालीचं नाव ऐकलं की ठेवून देतात. पत्र तसं ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच. म्हणजे एवढं तरी तुम्ही वाचलंत. आता पुढचंही वाचा. तुमच्या लेकीबद्दलच लिहिलंय, आणि वाईट एक अक्षर नाही.

पत्ता मला पूनमने दिला. तुमच्याच गल्लीतली पूनम, दिपालीची शाळेतली मैत्रीण. ती दिपालीला आणि मलाही अधूनमधून तुमची खबर कळवते. तुमच्या परड्यातला फणस पडला, तुम्ही चष्मा बदलला, आणि पावसाळ्यात तुम्हाला शुगर निघाली, डॉक्टरांनी गोड बंद केलं, हे सगळं तिच्याकडूनच कळलं. शुगरचं ऐकलं त्या दिवशी दिपालीने चहात साखर घातली नाही. सगळ्यांच्याच चहात. सुजितचे पप्पा घोट घेऊन माझ्याकडे बघायला लागले. मी डोळ्यांनीच सांगितलं, गप प्या.

आता मुख्य बातमी. आम्ही सहलीला चाललोय. तुम्हाला यात काय मोठंसं वाटणार नाही, पण आमच्या घरात ही पहिलीच. सुजितचे पप्पा लातूरहून इथे भोसरीच्या कंपनीत आले आणि थेट निवृत्त झाले. मधल्या काळात आमचं जाणं-येणं म्हणजे गावाकडे, एक तर लग्नाला नाही तर मयताला. समुद्र मी टीव्हीवर पाहिलाय. डिसेंबरच्या शेवटी चाकणच्या कंपन्यांना शटडाऊन असतं, सुजितची आणि दिपालीची सुट्टी यंदा नेमकी एकत्र आली, तेव्हा दिपाली म्हणाली, मम्मी, या वेळेस समुद्र बघायचाच. पुढच्या शनिवारी पहाटे निघतोय. सुजितचे पप्पा रोज एकदा विचारतात, की तिथे वाळूत बसायला खुर्ची मिळते का. दिपाली रोज एकदा न कंटाळता सांगते, मिळते पप्पा. मी असते तर दुसऱ्याच दिवशी वैतागले असते.

आणि तयारी! विहीणबाई, तुमच्या लेकीची तयारी बघायला तुम्ही इथे पाहिजे होतात. ती चाकणला गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, हे तुम्हाला पूनमने सांगितलंच असेल. तिथे कुठला माल आधी काढायचा, कुठला नंतर, कुठे काय लिहायचं, याची तिला शिस्त लागली आहे, ती सगळी तिने माझ्या फळीवरच्या डब्यांना लावली. म्हणाली, बाहेरचं तेलकट खाऊन पप्पांना खोकला होतो, आपण सगळं घरचं न्यायचं, आणि तळलेलं नाही, भाजलेलं. शटडाऊनच्या आधीचा आठवडा म्हणजे नुसता ओव्हरटाइम, तेव्हा वेळ मिळणार नाही, म्हणून आत्ताच करून ठेवायचं. आधी कसं टिकेल, असं मी म्हटलं, तर मलाच शिकवलं, की नानकटाई केल्या दिवसापेक्षा चार दिवस डब्यात मुरल्यावर जास्त चांगली लागते. तसंच होतं का हो? मला माहीत नव्हतं. आमच्याकडे मुरायला कधी उरलीच नाही.

रव्याचा केक तिने कुकरमध्ये केला, शिट्टी काढून, तळाला मीठ पसरून. हा केक आमच्या घरात पहिल्यांदा झाला तो सुजितच्या पप्पांच्या निवृत्तीला. ती नुकतीच लग्न होऊन आली होती. कंपनीने शाल आणि घड्याळ दिलं, त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. हिने केक पुढे ठेवला, तर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी. लहानपणी माझा कधी वाढदिवस झाला नाही, असं म्हणाले. एवढी वर्षं संसार केला, मला हे माहीत नव्हतं. हिला घरात येऊन महिना झाला नव्हता आणि हिने ते बाहेर काढलं. मी त्या दिवशी तिच्यावर खूश झाले, ते आजपर्यंत आहे. कुठे शिकलीस, विचारलं, तर म्हणाली, घरी, कढईत वाळू तापवून. घरी म्हणाली. कुणी शिकवलं ते सांगितलं नाही.

इथे एक गोष्ट सांगते. ती मला पहिल्या दिवसापासून मम्मी म्हणते. मला वाटायचं, चाकणच्या पोरींची फॅशन असेल. मी एकदा म्हटलंसुद्धा, अगं आई म्हण की, सुजित आईच म्हणतो. ती हसली आणि दुसऱ्या दिवशी परत मम्मी. मला थोडं लागलं होतं, खोटं कशाला बोलू. ते का, हे मला काल कळलं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आमच्याकडे बेकरीत घरचं सामान नेऊन नानकटाई भाजून घेतात. तुमच्याकडेही ही पद्धत आहे, हेही मला कालच कळलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फारूकभाईंची बेकरी आहे. पहाटे पावांची भट्टी असते. पाव निघाले की भट्टी उतरते, आणि त्या उतरत्या आचेवर ते लोकांची नानकटाई लावतात. पत्र्याचे ट्रे त्यांचे, पीठ-तूप-साखर आपली. ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवायची आणि संध्याकाळी डबा घेऊन जायचं. डिसेंबरात त्यांना केकच्या ऑर्डरीतून मान वर करायला वेळ नसतो, पण दिपालीसाठी सुरय्याने नवऱ्याकडे शब्द टाकला. सुरय्या म्हणजे फारूकभाईंची बायको, गल्ल्यावर तीच बसते. दिपाली तिला भाभी म्हणते आणि ती हिला फुकटचा सल्ला देते. दोघींचं छान जमतं.

काल गुरुवार, दिपालीची साप्ताहिक सुट्टी. सकाळी परातीत साजूक तूप घेऊन बसली ती फेसत. तळहाताने गोल गोल. मी म्हटलं, मिक्सर आहे की. म्हणाली, त्याने तूप तापतं, मम्मी. तूप पांढरंशुभ्र झालं तेव्हा वाटीत पाणी घेऊन त्यात एक थेंब टाकला. तरंगला. मग कुठे पीठ घातलं. ते काम बघत बसावंसं वाटतं हो. तिचे हात बघताना मला राहून राहून वाटत होतं, की हे असंच कुणीतरी हिच्यासमोर बसून केलेलं असणार. मग आम्ही दोघी परात घेऊन बेकरीत गेलो आणि मागच्या ओट्यावर बसून ट्रेत नानकटाई लावल्या. तेव्हा मी पाहिलं, ती प्रत्येक गोळ्याला खालून बडीशेपेचा एक दाणा दाबत होती. वरून नाही, खालून, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही. हे कशाला गं, मी विचारलं. सवय आहे, म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. तिच्या अशा सवयी मी विचारत नाही. ज्या गोष्टींची नावं ती घेत नाही, त्या सगळ्या तुमच्या मलकापूरच्या असतात, एवढं मला आता कळतं.

संध्याकाळी आणायला गेलो तर बेकरीत नुसता कल्ला. पलीकडच्या गल्लीतल्या गोजाबाई, इथल्या जुन्या गाववाल्या, त्यांच्या नातीचा साखरपुडा आहे, त्यांचीही नानकटाई कालच लागली होती. ट्रे गार करायला रॅकवर ठेवले, फारूकभाईंनी पंखा लावला आणि सगळ्या चिठ्ठ्या उडाल्या. आता नानकटाई सगळी एका रंगाची. गोजाबाई मोठ्या तोंडाच्या, आवाज रस्त्यापर्यंत, “माजं साजूक तूप हाय, मला कुनाचा डालडा नगं!” सुरय्या बिचारी गोजाबाईंना म्हणतेय, “खाला, ह्यांचंपण साजूकच आहे, मी डोळ्याने बघितलं.” फारूकभाई कपाळाला हात लावून मला म्हणतायत, “भाभी, मी पाव करतो तेच बरंय, माणसांचं सामान परत घेणार नाही.” मलाही राग आला. डालडा कुणाला म्हणतात या बाई! मी पदर खोचणार, तेवढ्यात दिपाली पुढे झाली. एका ट्रेतली एक नानकटाई उचलली, उलटी केली, ठेवली. दुसऱ्या ट्रेतली उचलली, उलटी केली आणि म्हणाली, “हे दोन आमचे, आजी. बाकीचे तुमचे. बघा, आमच्याला खाली दाणा आहे.”

गोजाबाईंनी स्वतः चार उलटून पाहिल्या. मग एकदम मऊ झाल्या. म्हणाल्या, “व्हय गं बाई, हाय की. पर खाली कशापायी लावला? वर लावला असता तर एवढा तमाशाच झाला नसता.”

आणि विहीणबाई, तुमची लेक बोलली. एवढी वर्षं जे नाव तिने आमच्या घरात कधी घेतलं नाही ते बेकरीत सगळ्यांसमोर घेतलं. म्हणाली, “माझी आई असंच लावते. आमच्याकडे दिवाळीला अख्ख्या पेठेची नानकटाई एकाच भट्टीत लागायची. कुणाचं तूप साजूक, कुणाचं नाही. आई म्हणायची, वर खूण केली की लोक खूण बघून घरं मोजतात. वरून सगळ्यांची सारखी दिसू दे. आपल्याला आपली ओळखता आली म्हणजे झालं.”

गोजाबाई म्हणाल्या, “शानी हाय तुजी आई.” आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “व्हय ना?”

त्यांना वाटलं, ती आई मीच. दिपालीने खाली बघत डबे भरायला घेतले. मी म्हटलं, “हो, शहाणी आहे. मी तिची सासू. आई गावाला असते.” बस, एवढंच. पण येताना रस्त्यात मला कळलं, की आई ही हाक तिने कुणासाठी राखून ठेवलीय. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की एवढं जपून ठेवणारी पोर आमच्या घरात आली.

आता स्पष्टच लिहिते. लग्नाच्या वेळी तुमच्या दिरांनी आमची जात विचारली होती. माझ्या मुलाचं नाव विचारलं नव्हतं. तो काय शिकला, कुठे नोकरी करतो, दारू पितो का, बायकोला नीट वागवेल का, हे काहीच नाही. मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे. तो मी लपवणार नाही. पण काल मी विचार करत राहिले, की जी बाई शेजारणीचं तूप उघडं पडू नये म्हणून खूण खाली लावते, तिने स्वतःच्या मनाने लेकीला दार बंद केलं असेल, हे मला पटत नाही. दिरांच्या घरात राहणाऱ्या विधवा बाईचं दार तिच्या एकटीचं नसतं, हे मी समजू शकते. मीही सासरी नांदले आहे. माझं चुकत असेल तर तसं कळवा. पण माझं चुकत नसावं.

आता माझी एक लबाडी सांगते. सगळ्यांना जायचं होतं दिवेआगरला. जवळ आहे, ताम्हिणीतून गेलं की झालं, सुजितने हॉटेलसुद्धा बघून ठेवलं होतं. मी हटून बसले, की मला ताम्हिणी घाटात मळमळतं, आपण रत्नागिरीला जाऊ, कराडवरून आंबा घाटाने. ताम्हिणी मी जन्मात पाहिलेला नाही. सुजित म्हणाला, आई, किती लांबून! पप्पा म्हणाले, तिथे खुर्ची मिळते का? दिपालीने मोबाइलवर रस्ता बघितला, बराच वेळ बघत राहिली, मग हसून म्हणाली, “मम्मी, आंबा घाटातही वळणं आहेतच की.” मी म्हटलं, ती वळणं मला चालतात. मला वाटलं, पोरीला काही कळलं नाही.

माझा बेत साधा होता. आंबा घाटाच्या आधी मलकापूर लागतं. दुपारच्या आधी आम्ही तिथे पोहोचू. एसटी स्टँडसमोर चहाला थांबायचं. मी पाय मोकळे करते म्हणून उतरायचं, पूनमने सांगितलेल्या गल्लीत एकटीने यायचं आणि तुमच्या दाराकडे नजर टाकायची. दार उघडं असलं, तुम्ही दिसलात, तर नमस्कार करून सांगायचं, की तुमची लेक गाडीत बसली आहे. दार लावलेलं असलं तर मुकाट्याने परत येऊन चहा प्यायचा आणि रत्नागिरीची वाट धरायची. तिला काही कळणार नाही, तिचं मन दुसऱ्यांदा मोडणार नाही. लागलं तर ते मला लागेल, आणि मी ते सोसलं असतं. त्यासाठी पत्र लिहायची गरज नव्हती, आणि मी लिहिणारही नव्हते.

पण आज सकाळी सेकंड शिफ्टला जायच्या आधी दिपाली एकटीच छोटी परात घेऊन बेकरीत गेली. मला वाटलं, सुरय्याला परात द्यायला गेली असेल. तासाभराने आली आणि डबे लावायला बसली. खोक्यात तळाला परतीच्या प्रवासाचं, वर रत्नागिरीत लागणारं, सगळ्यांत वर पहिल्या दिवसाचं, प्रत्येक झाकणावर नाव. सगळं आटपल्यावर एक लहान स्टीलचा डबा बाहेरच राहिला. मी म्हटलं, हा कुठे ठेवायचा? म्हणाली, “हा खोक्यात नको, मम्मी. हा माझ्या मांडीवर राहील.” आणि बस पकडायला निघून गेली. मी झाकण उघडलं. जिऱ्याची बिस्किटं आहेत, खारी. साखरेचा कण नाही. विहीणबाई, आमच्या घरात कुणालाही शुगर नाही. म्हणजे तिला सगळं कळलंय. मी काय करतेय ते कळलंय आणि तिने मला बोलूनही दाखवलं नाही. आता शनिवारी दार बंद असलं तर ते मला एकटीला सोसता येणार नाही, तो डबा तिच्या मांडीवर तसाच आंबा घाट उतरेल. म्हणून हे पत्र लिहायला बसले, सोमवारी सकाळी स्पीड पोस्टाने टाकते, म्हणजे तुम्हाला वेळेत मिळेल. आमच्या हातचं, फारूकभाईंच्या भट्टीतलं तुम्हाला चालेल का, हे मी विचारणार नाही, तुमच्या लेकीच्या हातचं आहे. तुम्ही स्टँडवर येऊ नका, दिरांशी भांडू नका, चहासुद्धा ठेवू नका. शनिवारी दुपारच्या आधी फक्त दार उघडं ठेवून उंबऱ्याशी बसा, गहू निवडायचं निमित्त करा हवं तर. मी तिला घेऊन येते. आणि एक सांगायचं राहिलं. झाकण लावायच्या आधी मी एक बिस्कीट उलटं करून पाहिलं. तळाला बडीशेपेचा दाणा नव्हता. मग सरळ केलं तर दिसला. तुमच्या डब्यातल्या प्रत्येक बिस्किटाला तिने दाणा वरच लावलाय, अगदी मधोमध, कुणालाही दिसेल असा.

तुमचीच, न पाहिलेली विहीण,
सुमन